प्रश्न तुमचे : इंग्रज-फ्रेंच लढत होते तेव्हा दख्खनमध्ये काय चाललं होतं?

मागच्या अंकात एका उत्तरात सात वर्षांच्या युद्धाचा (१७५६-६३) उल्लेख जाता जाता आला होता आणि त्यावरून एवढे प्रश्न आले की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं छापत नाही, फक्त गाव किंवा भाग देतोय. लांब पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न (पंचवटी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा वाचक) : सर, आमच्या पुस्तकात कर्नाटकची तीन युद्धं एका धड्यात, प्लासी दुसऱ्या धड्यात, अमेरिकेतलं भांडण तिसरीकडे आणि युरोपातलं सात वर्षांचं युद्ध कुठेतरी तळटिपेत आहे. हे सगळं एकच आहे का? आणि मूळ कारण काय धरायचं?

एकच आहे, म्हणजे निदान १७५६ नंतर तरी एकच आहे. तुमच्या पुस्तकांनी ते देशवार कापून वाटून टाकलंय म्हणून डोक्यात गोंधळ होतो, त्यात तुमचा काही दोष नाही.

सुरुवात अमेरिकेतून करा. ओहायो नदीच्या खोऱ्यावर इंग्रज आणि फ्रेंच दोघंही हक्क सांगत होते. फ्रेंचांची कॅनडात वस्ती होती पण माणसं किती, तर साठ-सत्तर हजार, आणि त्यांचा धंदा मुख्यतः बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्यांचा, जो तिथल्या मूळ लोकांशी जमवून घेतल्याशिवाय चालूच शकत नव्हता. इंग्रजांच्या किनाऱ्यावरच्या वसाहतींत माणसं होती बारा ते पंधरा लाख आणि त्यांना हवी होती शेतीला जमीन. व्हर्जिनियातल्या बड्या लोकांनी तर ओहायो कंपनी काढून त्या जमिनीच्या विक्रीचे बेतही आखून ठेवले होते. आपल्याकडे भावकीत बांधावरून जसं होतं तसंच हे, फक्त बांधाच्या दोन्ही बाजूंची जमीन मुळात तिसऱ्याचीच होती आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. १७५४ च्या मे महिन्यात व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने पाठवलेला एक तरुण अधिकारी आणि त्याच्यासोबतचे मूळ रहिवासी योद्धे, यांनी फ्रेंचांच्या एका छोट्या तुकडीवर पहाटे हल्ला केला, त्यात तुकडीचा प्रमुख जुमॉनव्हिल मारला गेला. तो तरुण अधिकारी म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन, वय २२. जुलैमध्ये फ्रेंचांनी त्याला शरण यायला लावलं. लढाई सुरू झाली आणि युद्धाची रीतसर घोषणा व्हायला अजून दोन वर्षं होती.

युरोपातलं कारण वेगळं. आधीच्या युद्धात (१७४०-४८) प्रशियाच्या फ्रेडरिकनं ऑस्ट्रियाचा सायलेशिया नावाचा श्रीमंत प्रांत हिसकावून घेतला होता आणि ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाला तो परत पाहिजे होता. त्यासाठी तिनं पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी फ्रान्स, त्याच्याशीच हात मिळवला, मग प्रशिया इंग्लंडच्या बाजूला गेला, रशिया ऑस्ट्रियाकडे आला. ऑगस्ट १७५६ मध्ये फ्रेडरिक सॅक्सनीत घुसला आणि जमिनीवरचं युद्ध पेटलं.

आता भारतात. इथे १७४६ पासूनच पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याची फ्रेंच कंपनी आणि इंग्रज कंपनी भांडत होत्या. फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास घेतलं होतं, ते १७४८ च्या तहात परत दिलं आणि त्या बदल्यात फ्रान्सला मिळालं काय तर कॅनडाच्या तोंडावरचा लुईबुर्गचा किल्ला. मद्रासच्या बदल्यात कॅनडातला किल्ला! तेव्हाच हे सगळं एका पटावर आलेलं होतं. तुम्ही परीक्षेत कारण लिहाल तेव्हा एवढं लिहा की समुद्रापारच्या व्यापारावर आणि जमिनीवर कोणाचा ताबा राहणार हे इंग्लंड-फ्रान्सचं भांडण आणि मध्य युरोपात प्रशिया मोठा होणार की ऑस्ट्रिया हे दुसरं भांडण, ही दोन १७५६ मध्ये एकत्र आली. पहिलं भांडण जास्त महत्त्वाचं ठरलं असं मी म्हणेन, कारण सायलेशिया युद्धाच्या शेवटी जिथल्या तिथेच राहिला, प्रशियाकडे, आणि जग बदललं ते बाहेर.

प्रश्न (तोच वाचक) : मग प्लासीचा फ्रेंचांशी काय संबंध? ती तर सिराजउद्दौला आणि क्लाइव्हची लढाई.

खूप संबंध आहे. फ्रेंचांशी युद्ध होणार ह्या अंदाजानं इंग्रज कलकत्त्याचा फोर्ट विल्यम डागडुजी करून मजबूत करायला लागले, नवाबाला न विचारता. सिराज चिडला, त्याच्या इतर तक्रारीही होत्या, आणि जून १७५६ मध्ये त्यानं कलकत्ता घेतलं. मग मद्रासहून ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज निघाली, जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतलं, फेब्रुवारीत नवाबाशी तह. तिथेच थांबले असते कदाचित, पण तोवर युरोपात युद्ध जाहीर झाल्याची बातमी आली होती, आणि मार्चमध्ये त्यांनी फ्रेंचांचं चंद्रनगर घेतलं. नवाबाच्या मुलखात, नवाबाच्या संरक्षणाखाली असलेलं गाव. सिराजनं फ्रेंच लोकांना आसरा दिला आणि इंग्रजांनी ठरवलं की हा नवाबच नको. २३ जून १७५७ ला प्लासी झाली. नवाबाकडे पन्नास हजारांच्या आसपास फौज होती, क्लाइव्हकडे तीन हजार, आणि मीर जाफर बाजूला उभा राहिला हे सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असतं ते हे की शेवटपर्यंत नवाबाकडून टिकून लढणाऱ्यांत चंद्रनगरहून आलेले मूठभर फ्रेंच गोलंदाज होते.

क्लाइव्हला ह्या एका व्यवहारात २ लाख ३४ हजार पौंड मिळाले.

प्रश्न (सिन्नर, इतिहासाच्या शिक्षिका) : मुलं वर्गात विचारतात की पानिपत आणि सात वर्षांचं युद्ध एकाच काळातलं, मग त्यांचा काही संबंध होता का? मी "योगायोग" म्हणून सोडून देते पण मनाला पटत नाही. आणि आपल्या नाशिक भागाचा काही धागा असेल तर सांगा, मुलांना तेवढं पटकन लक्षात राहतं.

ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. ह्या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मराठीत ह्यावर बोललंच जात नाही, आपण पानिपत एकीकडे रडत वाचतो आणि इंग्रज-फ्रेंच दुसरीकडे पाठ करतो.

नाशिकपासूनच सुरू करू. १७५० नंतर हैदराबादच्या गादीवर सलाबतजंगला बसवलं ते फ्रेंचांनी, आणि त्याच्याजवळ राहिला बुसी नावाचा फ्रेंच सेनानी, हाताखाली युरोपियन सोल्जर आणि कवायती पद्धतीनं शिकवलेले देशी शिपाई ज्यांना आपण गारदी म्हणतो, शिवाय हलका चपळ तोफखाना. नोव्हेंबर १७५१ मध्ये कुकडी नदीच्या काठी, चंद्रग्रहणाच्या रात्री, ह्याच तोफखान्यानं नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला, पेशव्यांना निसटावं लागलं. मग पुढच्या वर्षी आपला त्र्यंबकचा किल्ला मराठ्यांनी घेतला म्हणून तो परत मागत सलाबतजंग बुसीला घेऊन अहमदनगरवरून जुन्नरच्या दिशेनं निघाला, पण मराठ्यांनी त्याची रसद तोडली, त्याच्या फौजेचे पगार थकलेले, त्याला तडजोड करावी लागली. १७५२ च्या अखेरीस भालकीचा तह झाला आणि तापी-गोदावरीमधला मोठा मुलूख पेशव्यांकडे आला. मुलांना सांगा की त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जाता तेव्हा ब्रह्मगिरीचा जो कातळ वर दिसतो ना, त्यासाठी पॅरिसच्या कंपनीचा पगार घेणारा माणूस तोफा घेऊन निघाला होता. इतकं जवळ आलं होतं ते युद्ध.

आता १७५५-५६. क्लाइव्ह इंग्लंडहून फौज घेऊन मुंबईत आला तो कशासाठी, तर मराठ्यांच्या साथीनं दख्खनमध्ये बुसीवर चालून जायचं असा बेत होता. पण मद्रासकडे इंग्रज-फ्रेंचांत तात्पुरता तह झालेला, मुंबईकरांनी माघार घेतली. आरमार तयार, फौज तयार, काम नाही. तेव्हा पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचा तुळाजी आंग्र्यांविरुद्ध करार झालेलाच होता, आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग पडला होता, तर फेब्रुवारी १७५६ मध्ये हे आरमार विजयदुर्गावर गेलं. आंग्र्यांची जहाजं बंदरातच जळाली, किल्ला पडला, सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, आणि कराराप्रमाणे किल्ला पेशव्यांना द्यायचा तो लगेच दिला नाही, ऑक्टोबरमध्ये बाणकोट पदरात पाडून घेऊन मगच दिला. आणि तेच आरमार, तेच वॉटसन-क्लाइव्ह, त्याच वर्षी कलकत्त्याला गेले.

मला विचाराल तर मराठ्यांच्या बाजूनं ह्या सगळ्या युद्धातली सर्वात महागात पडलेली चूक ही विजयदुर्गाची. पेशव्यांची बाजू मी समजू शकतो, तुळाजी कोणालाच जुमानत नव्हता, पेशव्यांच्या मुलखालाही उपद्रव देत होता, आणि घरातलं भांडण मिटवायला बाहेरची ताकद वापरायची हे त्या काळात सगळेच करत होते. पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना भिववू शकेल असं एकच आरमार होतं आणि ते जळालं, इंग्रज-फ्रेंच युद्ध जाहीर व्हायच्या तीन महिने आधी. पुढे मराठ्यांचं आरमार विजयदुर्गाहूनच पुन्हा उभं राहिलं, धुळपांनी ते चांगलं चालवलंही, पण आंग्र्यांची ती दहशत परत आली नाही.

मग पानिपतचा संबंध कुठे? इथे बघा. १७५८ मध्ये फ्रान्सहून लाली नावाचा सेनापती आला, शूर पण अतिशय हेकट माणूस, आणि त्यानं पहिलं काम काय केलं तर बुसीला हैदराबादहून बोलावून घेतलं, कारण त्याला सगळी ताकद एकवटून मद्रास घ्यायचं होतं. मद्रास पडलं नाही. इकडे बुसी गेल्यावर इंग्रजांनी एप्रिल १७५९ मध्ये मछलीपट्टण घेतलं आणि सलाबतजंगानं बाजू बदलून इंग्रजांशीच करार केला. निजामाच्या पाठीशी जी फ्रेंच कवायती फौज उभी होती ती अशी निघून गेली. बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी सलाबतजंगाचा भाऊ निजामअली याच्याकडून सुटून मराठ्यांकडे आला. आणि ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला पुरतं हरवलं, ६० लाखांचा मुलूख, दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बुऱ्हाणपूर, सगळं मिळवलं. त्याच्या जेमतेम बारा दिवस आधी, २२ जानेवारीला, तामिळनाडूतल्या वांदिवाशला इंग्रज सेनानी आयर कूटनं लालीला हरवलं होतं आणि बुसी इंग्रजांच्या कैदेत गेला होता.

म्हणजे उदगीरचा विजय हा भाऊंच्या कर्तृत्वाचा होताच, पण बुसी हैदराबादला असता तर तो एवढा सोपा झाला नसता. आणि उदगीरमुळेच भाऊंना उत्तरेत पाठवायचं ठरलं, उदगीरमुळेच इब्राहिमखानाच्या तोफा आणि बंदुकांवर एवढा विश्वास बसला की पानिपतावर गारद्यांना केंद्रस्थानी धरून लढाईचा बेत आखला गेला, जो मराठ्यांच्या गनिमी काव्याच्या सवयीपेक्षा पूर्ण वेगळा होता. इब्राहिमखानाच्या आठ-नऊ हजार गारद्यांनी त्या दिवशी रोहिल्यांची काय दशा केली ते तुम्हाला माहीत आहे, आणि पकडल्यावर अब्दालीच्या छावणीत त्याचा कसा छळ करून जीव घेतला तेही. त्या माणसाचा वर्गात नक्की उल्लेख करा, जातीधर्मावरून इतिहास शिकवायच्या आजच्या दिवसांत तर आवर्जून करा.

आणि तारखा फळ्यावर लिहून दाखवा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत. १५ जानेवारीला पाँडिचेरीत उपाशी पडलेल्या लालीनं शरणागती पत्करली आणि १६ ला इंग्रज फौज गावात शिरली. तीन दिवसांत दख्खनमधल्या दोन मोठ्या ताकदी कोसळल्या, एक उत्तरेला पानिपतावर आणि दुसरी दक्षिणेला पाँडिचेरीत. दोन्ही एकाच कारणानं पडल्या असं मी म्हणत नाही, अब्दालीला फ्रेंचांशी काही घेणंदेणं नव्हतं. पण त्या आठवड्यानंतर समुद्रकिनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं कोणी उरलं नाही आणि आत मराठ्यांना सावरायला माधवरावांची सगळी कारकीर्द लागली, त्या दहा वर्षांत इंग्रजांनी बक्सार जिंकलं (१७६४) आणि बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, घेतली (१७६५).

अजून एक नाशिकचा धागा. गोपिकाबाई, नानासाहेबांची पत्नी, जिचा विश्वासराव पानिपतावर गेला आणि पाठोपाठ जून १७६१ मध्ये नवराही गेला, ती पुढे आपल्या गंगापूरला येऊन राहिली. मुलांना गंगापूर धरण माहीत असतं, हे माहीत नसतं.

प्रश्न (नाशिकरोड, प्रेसमधून निवृत्त झालेले वाचक) : माझी सगळी नोकरी सिक्युरिटी प्रेसमध्ये स्टॅम्प पेपर, तिकिटं ह्यात गेली. अमेरिकेची क्रांती स्टॅम्पच्या टॅक्सवरून झाली असं वाचलं, आणि तो टॅक्स ह्या युद्धामुळे लागला असंही. खरं आहे का?

काका, खरं आहे, आणि तुमच्याइतकं हे कोणाला चांगलं कळणार. युद्धाच्या आधी ब्रिटनचं सरकारी कर्ज होतं साधारण साडेसात कोटी पौंड, युद्ध संपलं तेव्हा ते सव्वातेरा कोटींच्या वर गेलेलं. एवढं कर्ज मिळालं हीच खरी इंग्रजांची ताकद. पार्लमेंट हमी देतंय म्हणून लोक कमी व्याजानं पैसे द्यायचे, फ्रान्सच्या राजाला जास्त व्याज मोजूनही पुरेसं मिळायचं नाही, आणि त्या पैशावर इंग्रजांनी नेव्ही उभी केली आणि शिवाय फ्रेडरिकला दरवर्षी पैसे पोचवले म्हणजे फ्रान्स जमिनीवर अडकून राहील. १७५९ मध्ये क्वेबेक पडलं, तिथे दोन्हीकडचे सेनापती, वुल्फ आणि माँकाल्म, एकाच लढाईत गेले, त्याची गोष्ट सगळे सांगतात. माझ्या मते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ किबेरॉनच्या उपसागरात फ्रेंच आरमार वादळात बुडवलं गेलं ते जास्त महत्त्वाचं, कारण त्यानंतर कॅनडाला आणि पाँडिचेरीला मदत पाठवणं फ्रान्सला जवळजवळ अशक्यच झालं. लाली उपाशी पडला तो किबेरॉनमुळे असं म्हटलं तरी चालेल.

पण कर्ज फेडायचं कोणी? लंडनचं म्हणणं, अमेरिकेतल्या वसाहतींसाठीच तर लढलो, आता तिथे जे सैन्य ठेवायचंय त्याचा थोडा खर्च तुम्ही उचला. मग १७६४ मध्ये साखरेवरचा कायदा आणि १७६५ मध्ये स्टॅम्प ॲक्ट. कोर्टाचे कागद, जमिनीचे व्यवहार, लायसन्स, वर्तमानपत्रं, पंचांगं, अगदी पत्त्यांचे कॅट, सगळ्याला शिक्का मारलेला कागद किंवा शिक्का लागणार. ब्रिटनमध्ये हा टॅक्स आधीपासून होताच. पण वसाहतींचं म्हणणं की पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही तर टॅक्स कसला, आणि त्यात ज्यांच्यावर टॅक्स पडला ते म्हणजे वकील आणि छापखानेवाले, बोलणारे आणि छापणारे. पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला, पण ठिणगी पडलेली.

आणि ह्यात आपला एक धागा आहे जो मला फार अस्वस्थ करतो. दिवाणी मिळाल्यावर कंपनी बंगालचा महसूल गोळा करायला लागली, लंडनच्या सरकारनं त्यातून वर्षाला ४ लाख पौंड मागून घेतले. १७७० ला बंगालमध्ये भयानक दुष्काळ पडला, एक कोटीच्या आसपास माणसं गेली असा तेव्हापासूनचा अंदाज आहे, आणि वसुली थांबली नाही. तरी कंपनी दोन वर्षांत दिवाळखोरीच्या काठावर, गोदामात चहा पडून. तिला वाचवायला १७७३ चा चहाचा कायदा आला, तो चहा अमेरिकेला पाठवला, आणि डिसेंबरमध्ये बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या लोकांनी पाण्यात टाकल्या. बोस्टनच्या त्या रात्रीबद्दल जगभर मुलांना शिकवतात. तिच्या मागे बंगालमधली उपाशी गावं आहेत हे शिकवत नाहीत.

फ्रान्सचं सांगायचं राहिलं. त्यांनी सूड म्हणून १७७८ मध्ये अमेरिकन बंडखोरांना साथ दिली, जिंकलेही, पण त्यात खजिना पार रिकामा झाला, आणि १७८९ मध्ये राजाला टॅक्ससाठी सभा बोलवावी लागली, त्यातून क्रांती. लाली तोवर नव्हता, १७६६ मध्येच त्याच्यावर खटला भरून पॅरिसमध्ये त्याचा शिरच्छेद केला. एका माणसावर सगळा पराभव ढकलला, मला हे अन्यायाचंच वाटतं, त्याला ना पैसा दिला होता ना आरमार.

प्रश्न (निफाड, ऊस-द्राक्ष शेतकरी) : तहात फ्रान्सनं एवढा मोठा कॅनडा सोडला आणि त्याऐवजी दोन-तीन छोटी बेटं परत घेतली असं ऐकलं. एवढा वेडेपणा कोणी का करेल?

भाऊ, तुम्ही ऊस लावता म्हणून तुम्हाला पटेल, ती बेटं साखरेची होती. ग्वादेलूप आणि मार्टिनिक. ग्वादेलूप इंग्रजांनी १७५९ मध्ये घेतलं होतं, आणि लंडनमध्ये खरोखर मोठा वाद झाला की कॅनडा ठेवायचा का ग्वादेलूप. साखरेला युरोपात जो भाव होता त्यापुढे कॅनडाची कातडी काहीच नव्हती, उलट कॅनडा चालवायचा खर्चच जास्त. इंग्रजांच्या जमैका-बार्बाडोसच्या मळेवाल्यांनाही ग्वादेलूप इंग्रज बाजारात यायला नकोच होतं, भाव पडले असते. म्हणून १० फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सनं कॅनडा आणि मिसिसिपीच्या पूर्वेचा मुलूख सोडला, बेटं घेतली, आणि मासेमारीसाठी न्यूफाउंडलंडजवळची दोन चिमुकली बेटं ठेवली जी आजही फ्रान्सकडे आहेत. त्या वेळच्या हिशोबानं हा वेडेपणा नव्हता.

पण तो हिशोब कोणाच्या जिवावर होता तेही सांगायला हवं. उसाच्या त्या मळ्यांत काम करायला आफ्रिकेतून माणसं साखळदंडांत आणली जात, आणि मळ्यावर ती इतक्या लवकर मरत की दरवर्षी नवी माणसं आणावी लागत. शांततेचा तह म्हणून जो कागद झाला त्यात त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. तसंच ओहायोच्या मूळ लोकांसाठीही नव्हतं, त्यांची जमीन त्यांना न विचारता फ्रेंचांनी इंग्रजांना देऊन टाकली. त्याच वर्षी पाँटिॲक नावाच्या पुढाऱ्याच्या वेळी ते उठले, आणि पिट किल्ल्यातून इंग्रजांनी त्यांच्या दूतांना देवीच्या रुग्णांची पांघरुणं दिली, हे खुद्द त्यांच्याच नोंदींत आहे. मग ॲपलाचियन डोंगरांच्या पलीकडे गोऱ्यांनी वस्ती करू नये असा हुकूम निघाला, वसाहतवाले त्यावरही चिडले, आणि तो फारसा पाळलाही गेला नाही.

प्रश्न (देवळाली, तोफखान्यातून निवृत्त) : प्लासीला पावसामुळे निकाल लागला असं आमच्याकडे सांगायचे. तथ्य आहे?

आहे थोडं. दुपारी जोरात सर आली, इंग्रजांनी दारूगोळ्यावर ताडपत्र्या टाकल्या, नवाबाच्या तोफखान्याची दारू भिजली. त्यांना वाटलं समोरच्यांचीही भिजली असेल, म्हणून नवाबाचा सेनानी मीर मदन घोडदळ घेऊन पुढे आला आणि तोफेच्या माऱ्यात सापडला. तो गेल्यावर नवाबाचा धीर सुटला. पण मीर जाफरची हजारो माणसं जागची हलली नाहीत हे जास्त मोठं कारण. वांदिवाशला मात्र दारूचाच घात झाला, फ्रेंचांच्या मोर्चात दारूगोळ्याचा गाडा उडाला आणि तिथली फळीच विस्कटली.

प्रश्न (सातपूर) : हे युद्ध भारत आणि अमेरिका सोडून आशियात अजून कुठे झालं का? आपली माणसं बाहेर गेली होती का?

गेली होती. १७६२ मध्ये स्पेन फ्रान्सच्या बाजूनं उतरला तेव्हा इंग्रजांनी क्युबातलं हवाना घेतलं आणि इकडे मद्रासहून आरमार पाठवून ऑक्टोबरमध्ये फिलिपिन्सची मनिला. त्या फौजेत मद्रासचे देशी शिपाईही होते. तहात मनिला स्पेनला परत द्यावी लागली, १७६४ मध्ये इंग्रज निघून गेले, पण काही शिपाई गेलेच नाहीत, मनिलाजवळ काइंता नावाच्या गावात राहिले, तिथल्या मुलींशी लग्नं केली, आणि आजही त्या गावात त्यांचे वंशज आहेत. कोणाच्या राजासाठी कुठे जाऊन लढायचं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, निदान परत यायचं का नाही हे तरी त्यांनी स्वतः ठरवलं.

प्रश्न (इंदिरानगर, बारावीची विद्यार्थिनी) : आम्ही ट्रिपला पाँडिचेरीला गेलो होतो. फ्रेंच हरले होते तर १९५४ पर्यंत तिथे कसे राहिले?

तहात परत मिळालं म्हणून. १७६१ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी नुसती घेतली नाही तर तटबंदीसकट पाडून टाकली, तू जी पिवळी घरं पाहिलीस ती त्यानंतर नव्यानं बांधलेली. १७६३ च्या तहानं पाँडिचेरी, कराईकल, माहे, यानम आणि चंद्रनगर फ्रान्सला परत मिळाली, पण बंगालमध्ये तटबंदी करायची नाही, सैन्य ठेवायचं नाही अशी अट. व्यापार करा, राज्य करू नका, असा त्याचा अर्थ. नंतर फ्रान्सशी युद्ध झालं की इंग्रज येऊन पाँडिचेरी घ्यायचे आणि तह झाला की परत द्यायचे, १७७८, १७९३, १८०३ असं होत राहिलं. नेपोलियन संपल्यावर ती शेवटची परत दिली, आणि मग इंग्रजांना त्यांची भीतीच उरली नाही म्हणून तशीच राहू दिली. चंद्रनगर १९५० मध्ये भारताकडे आलं, बाकीच्यांचा प्रत्यक्ष ताबा १ नोव्हेंबर १९५४ ला मिळाला, आणि फ्रेंच संसदेची मंजुरी मिळून कागदोपत्री पूर्ण व्हायला १९६२ उजाडलं.